डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेली तपासणी

चेन्नईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ऑगस्ट १९९६ च्या अखेरीस एक मुलगी जन्मली. गर्भारपणाचा एकोणतिसावा आठवडा चालू होता आणि बाळाचं वजन भरलं १२५० ग्रॅम. तिला पंचवीसेक दिवस अतिदक्षता विभागात, आपल्याकडे सगळे म्हणतात तसं ‘पेटीत’ ठेवलं. ती वाचली आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आईबरोबर घरी गेली. साडेचार महिन्यांची असताना ती आईवडिलांसोबत मुंबईत होती. तिथे लसीकरणाच्या निमित्तानं एका बालरोगतज्ज्ञानं तिला पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत गडबड असल्याचं त्याच्या लक्षात आलं. निदान झालं आरओपीचं, म्हणजे अकाली जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) आजाराचं, आणि तेही शेवटच्या पायरीवरच्या. त्यानंतर देशातले आणि परदेशातले उपचार झाले, पण दृष्टी परत आली नाही.

वडील ग्राहक आयोगाकडे गेले. राष्ट्रीय आयोगानं २००९ मध्ये पाच लाखांची भरपाई दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ जुलै २०१५ रोजी न्यायमूर्ती जगदीशसिंग खेहर व शरद बोबडे यांच्या खंडपीठानं सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्या वेळी बातम्यांमध्ये हा आकडाच गाजला. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रशिक्षणातही हा खटला रकमेसाठीच सांगितला जातो. पण निकालपत्र नीट वाचलं तर पैशांपेक्षा तारखा जास्त बोलतात. आरओपीत बाळाची दृष्टी कशी जाते आणि कुठल्या टप्प्यावर ती वाचवता आली असती, हे त्या तारखांवरून जवळजवळ दिवसागणिक मांडता येतं. म्हणून हे प्रकरण इथे सविस्तर घेतलं आहे. मुलीचं, कुटुंबाचं किंवा डॉक्टरांचं नाव देण्याची त्यासाठी गरज नाही.

बाळाच्या डोळ्यात काय चाललं होतं

दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास डोळ्याच्या मागच्या बाजूला, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेपाशी उगवतात आणि तिथून चारी बाजूंनी कडेकडे वाढत जातात. नाकाकडची कड त्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यात गाठतात, कानशिलाकडची चाळिसाव्याच्या आसपास. विहिरीपासून निघालेला पाट शेताच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायलाच पाच-सहा महिने लागावेत, तसं हे काम आहे. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात ते अर्धवट असतं.

जन्मानंतर दोन टप्पे येतात. पहिल्या टप्प्यात बाळाला आईच्या पोटातल्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतो. साधी हवासुद्धा गर्भाच्या हिशेबानं श्रीमंतच असते. मग वरून दिलेल्या ऑक्सिजनची तर गोष्टच वेगळी. रक्तवाहिन्यांना वाढण्याचा इशारा देणारी व्हीईजीएफ नावाची प्रथिनं त्यामुळे कमी होतात आणि वाढ थबकते. दुसरा टप्पा गर्भधारणेपासून मोजलेल्या साधारण बत्तिसाव्या आठवड्यापासून पुढचा. दृष्टिपटल वाढत असतं, त्याला रक्त हवं असतं, पण कडेच्या भागात वाहिन्याच नसतात. उपाशी राहिलेला तो भाग व्हीईजीएफचा पूर आणतो आणि नव्या, नाजूक, भलत्याच दिशेनं जाणाऱ्या वाहिन्या फुटतात. वाहिन्या असलेला आणि नसलेला भाग जिथे भेटतात तिथे आधी रेघ दिसते, ती पहिली पायरी. मग उंचवटा येतो, ती दुसरी. त्यावर नव्या वाहिन्यांचं जाळं दिसलं की तिसरी. ते जाळं आकसून दृष्टिपटल ओढू लागलं की चौथी आणि दृष्टिपटल पूर्ण सुटून आलं की पाचवी.

या सगळ्यात बाहेरून काहीही दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. बाळ दूध पितं, वजन धरतं, झोपतं. बाहुलीत पांढरी झाक आईला दिसते तोवर आजार पाचव्या पायरीवर गेलेला असतो.

चेन्नईच्या बाळाच्या बाबतीत धोक्याच्या खुणा कागदावरच होत्या. दिवस कमी, वजन कमी. जन्मतः नव्वद ते शंभर टक्के तीव्रतेचा ऑक्सिजन दिलेला. पहिल्या दहा दिवसांत श्वास मध्येच थांबण्याचे प्रसंग आलेले. आठवडाभरानं रक्त बदललेलं. रक्त बदलणं इथे महत्त्वाचं आहे, कारण मोठ्या माणसाचं रक्त ऊतींना ऑक्सिजन अधिक सहज सोडतं आणि अकाली बाळाच्या डोळ्यावर त्याचाही भार पडतो. यातली एक खूणही तपासणीला पुरेशी ठरली असती.

तीन तारखा

आता या मुलीच्या तारखा आजाराच्या वेळापत्रकावर ठेवून पाहू.

डिस्चार्ज झाला तेव्हा ती साडेतीन आठवड्यांची होती, म्हणजे गर्भधारणेपासून मोजलं तर साडेबत्तीस आठवड्यांची. दुसरा टप्पा नेमका तेव्हा सुरू होतो. त्या दिवशी कुणी डोळ्यात पाहिलं असतं तर बहुधा अपुऱ्या वाहिन्या आणि कदाचित एखादी रेघ दिसली असती. त्यावर उपचाराची वेळ आली नसती, पण पुढच्या आठवड्यांत पुन्हा पाहायला हवं हे नक्की कळलं असतं.

आज भारतात पहिल्या तपासणीसाठी जन्मापासून तीस दिवसांची मर्यादा पाळायला सांगतात. तिचा तिसावा दिवस उजाडला तो घरी जाऊन पाचेक दिवस झाल्यावर. या आजाराचा सगळ्यात वाईट योगायोग हाच आहे. बाळ घरी जाण्याइतकं सुधारतं आणि डोळा बिघडू लागतो, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडतात. बालरोगतज्ज्ञाची जबाबदारी संपल्यासारखी वाटते, नेत्रतज्ज्ञाची सुरूच झालेली नसते आणि आईवडिलांना आनंदाशिवाय दुसरं काही सुचत नसतं.

तिसरी तारीख ऑक्टोबरअखेरची. बाळ नऊ आठवड्यांचं होतं तेव्हा आई त्याला घेऊन त्याच रुग्णालयात आली. त्या दिवशी बाळाचं वय गर्भधारणेपासून अडतीस आठवड्यांच्या घरात होतं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले, उपचाराची पातळी गाठण्याचं मधलं वय सुमारे सदतीस आठवडे निघालं होतं. म्हणजे त्या दिवशी या डोळ्यांत उपचार लागण्याजोगा आजार असण्याची शक्यता पुष्कळ होती आणि तो अजून आटोक्यात आणण्यासारखा असण्याचीही. कुणी पाहिलंच नाही, त्यामुळे यापेक्षा ठाम विधान करता येत नाही. पण निकालपत्रातली ही तारीख माझ्या दृष्टीनं सर्वांत जड आहे. बाळ डॉक्टरांच्या हातात होतं, आई स्वतःहून आली होती, अंतराचा किंवा पैशाचा प्रश्न आड आला नव्हता.

उपचार उपलब्ध नव्हता असंही नाही. त्याच १९८८ च्या चाचणीनं दाखवलं होतं की वाहिन्या नसलेला कडेचा भाग गोठवून निकामी केला तर वाईट परिणामांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. १९९६ पर्यंत त्याची जागा लेझर घेत होता. भारतातल्या मोठ्या संस्थांमध्ये दोन्ही होत होतं.

कार्डावर काय होतं

न्यायालयानं डिस्चार्जचा कागद बारकाईनं वाचला. त्यातल्या नोंदी थोडक्यात अशा होत्या: आईला आत्मविश्वास आहे, धोक्याची लक्षणं समजावली, स्तनपान चालू ठेवावं, मंगळवारी प्रसूतीपश्चात ओपीडीत यावं. डोळ्यांबद्दल अक्षरही नाही. आरओपी होऊ शकतो असा इशारा नाही आणि डॉक्टरांना स्वतःला ती शंका होती असं दाखवणारी खूणही नाही. घरी गेल्यावर मिळालेला सल्ला होता बाळाला निर्जंतुक खोलीत, चार भिंतींच्या आत ठेवण्याचा.

हा सल्ला वाईट हेतूनं दिलेला नव्हता. सव्वा किलोच्या बाळाला जंतुसंसर्गाची भीती खरीच असते. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीनं आणि बाळानं उंबरठा ओलांडायचा नाही ही रीत आहेच. चीनमध्येही बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही. अशा समाजात ‘बाळाला बाहेर काढू नका’ हे सांगावं लागत नाही, ते आपोआप पाळलं जातं. सांगावं लागतं ते उलटं: अमुक तारखेला, कितीही लहान असलं तरी, बाळाला डोळे दाखवायला बाहेर काढाच. तेवढं वाक्य लिहिलं नाही तर रीतच रोगाच्या मदतीला येते.

या प्रकरणात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचं वैद्यकीय मत घेतलं गेलं होतं. दीड किलोपेक्षा कमी वजन किंवा बत्तीस आठवड्यांपेक्षा कमी दिवस, या दोन्ही कसोट्यांवर हे बाळ तपासणीत बसत होतं. दोष ठरला तो तपासणी न करण्याचा आणि तिची गरज न सांगण्याचा. ऑक्सिजन दिल्याबद्दल शिक्षा झाली असं या निकालाचं वर्णन कुणी कुणी करतं, ते बरोबर नाही. आणि हा फरक नवजात विभागात काम करणाऱ्या प्रत्येक सिस्टरपर्यंत, डॉक्टरपर्यंत पोचायला हवा.

ऑक्सिजनचा इतिहास या बाबतीत कडू आहे. १९४२ मध्ये बॉस्टनचे डॉ. टेरी यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. मग पुढच्या दहा वर्षांत अमेरिका-युरोपात हजारो बाळं आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं आणि लवकरच चाचणीनं ते सिद्ध झालं. घाबरून सगळीकडे ऑक्सिजन तोडला गेला. अंधत्व घटलं, पण श्वासाअभावी जाणारी बाळं वाढली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फार लवकर जन्मलेल्या बाळांवरच्या ‘सपोर्ट’ नावाच्या चाचणीत हा पेच आकड्यांत दिसतो. रक्तातल्या ऑक्सिजनचं लक्ष्य ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या गटात, वाचलेल्या बाळांपैकी ८.६ टक्क्यांना तीव्र आरओपी झाला आणि ९१ ते ९५ टक्के ठेवलेल्या गटात १७.९ टक्क्यांना. पण मृत्यूंचं प्रमाण कमी लक्ष्याच्या गटात १९.९ टक्के होतं, जास्त लक्ष्याच्या गटात १६.२ टक्के. डोळे वाचवण्यासाठी जीव पणाला लावता येत नाही. म्हणून नव्वद ते पंच्याण्णवच्या पट्ट्यात ठेवायचं, वरच्या आकड्यालाही अलार्म लावायचा, हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं ब्लेंडर वापरायचं आणि एवढं करूनही काही बाळांना आजार होणारच हे गृहीत धरून प्रत्येकाचे डोळे पाहायचे. आशियातल्या अनेक लहान रुग्णालयांत ब्लेंडर नसतं, ऑक्सिजन थेट सिलिंडरमधून जातो. तिथे तपासणीचं महत्त्व दुप्पट.

हिमेजीचं बाळ

चेन्नईच्या मुलीच्या बावीस वर्षं आधी, डिसेंबर १९७४ मध्ये, जपानमधल्या हिमेजी शहरात एकतिसाव्या आठवड्यात १५०८ ग्रॅम वजनाचं बाळ जन्मलं. जपान या आजाराच्या उपचारात जगाच्या पुढे होता. नारा प्रांतातल्या तेन्री इथल्या रुग्णालयात डॉ. माकोतो नागाता यांनी १९६७ मध्येच प्रकाशाच्या तीव्र झोतानं दृष्टिपटलाची कड भाजून आजार थांबवून दाखवला होता. आजच्या लेझरचा तो पूर्वज. बाळाला ठेवलं होतं त्या हिमेजीतल्या रुग्णालयात बालरोग आणि नेत्र विभागांत समन्वयही होता. बाळाचे डोळे दोन आठवड्यांच्या सुमारास तपासले गेले. काही दोष दिसला नाही, पुन्हा पाहण्याची गरज नाही असं ठरलं आणि फेब्रुवारीत घरी जाईपर्यंत कुणी परत पाहिलं नाही. एप्रिलमध्ये संशय आला तेव्हा आजार बराच पुढे गेलेला होता.

दोन आठवड्यांचं बाळ म्हणजे गर्भवयाच्या तेहतिसाव्या आठवड्यातलं बाळ. त्या दिवशीचा ‘दोष नाही’ खराच असेल, पण त्याला आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे किंमत नसते. चेन्नईत तपासणी झालीच नाही, हिमेजीत ती एकदाच झाली. परिणामाच्या दृष्टीनं फरक पडला नाही. आरओपीची तपासणी ही एक घटना नसते, ती मालिका असते आणि वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या किंवा आजार पक्का ओसरला असं दिसेपर्यंत ती चालवावी लागते.

हे प्रकरणही खटल्यापर्यंत गेलं आणि जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये त्यात जे म्हटलं ते आशियातल्या प्रत्येक आरोग्य खात्यानं वाचावं असं आहे. खालच्या न्यायालयानं सरकारी अभ्यासगटाचे निकष १९७५ मध्ये छापून आले, त्याआधी रुग्णालयाला जबाबदार धरता येत नाही असं मानलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. अपेक्षित वैद्यकीय दर्जा सगळ्या देशासाठी एका तारखेनं ठरत नाही. रुग्णालय कोणत्या प्रकारचं आहे, त्याच्या आसपासची वैद्यकीय परिस्थिती काय आहे आणि तशाच रुग्णालयांमध्ये ते ज्ञान पोचलं होतं का, हे पाहायचं. हा विचार न्याय्य आहे. दुर्गम भागातल्या डॉक्टरला तो संरक्षण देतो आणि सोयी असलेल्या मोठ्या रुग्णालयाला ‘नियम अजून आला नव्हता’ या आडोशाला उभं राहू देत नाही.

परदेशी निकष आणि आपली बाळं

चेन्नईचं आणि हिमेजीचं बाळ तपासणीच्या आजच्या बहुतेक निकषांत बसेल किंवा अगदी कडेवर येईल. पण आशियातल्या नवजात विभागांत ज्यांची दृष्टी जाते ती सगळीच एवढी लहान नसतात. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ क्लेअर गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की श्रीमंत देशांत तीव्र आरओपी झालेल्या बाळांचं सरासरी वजन ७३७ ते ७६३ ग्रॅम होतं, तर मध्यम आणि कमी विकसित देशांत ते ९०३ ते १५२७ ग्रॅमपर्यंत जात होतं. कारण अनुवंशात शोधण्यापेक्षा काळजीच्या दर्जात शोधावं. जिथे अतिदक्षता विभाग झपाट्यानं वाढले, बाळं वाचू लागली, पण ऑक्सिजनवर नजर, जंतुसंसर्गाला आळा आणि वजनवाढीची काळजी त्या वेगानं वाढली नाही, तिथे मोठी बाळंही या आजाराच्या तावडीत येतात.

अमेरिकेचा निकष आहे दीड किलो किंवा तीस आठवडे. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या दहा वर्षांच्या नोंदींवरून २००७ मध्ये हिशेब मांडला गेला. सव्वा किलोपेक्षा जास्त वजनाच्या आणि तीव्र आजार झालेल्या बाळांना त्या वेळचे अमेरिकी निकष लावले असते तर १७.७ टक्के बाळं निसटली असती, ब्रिटिश निकषांनी २२.६ टक्के. हे आकडे म्हणजे साधारण दर पाच बाळांमागे एक बाळ. म्हणून भारतानं चौतीस आठवड्यांपेक्षा कमी दिवस किंवा दोन किलोपेक्षा कमी वजन अशी रेषा ओढली. त्यापुढे छत्तीस आठवड्यांपर्यंतची, पण आजारी पडलेली, ऑक्सिजनवर राहिलेली बाळंही तपासायची. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतली किंवा बाराशे ग्रॅमच्या खालची बाळं दोन-तीन आठवड्यांतच पाहायची. चीननं २००४ मध्ये ऑक्सिजनचा वापर आणि डोळ्यांची तपासणी यांवर राष्ट्रीय सूचना काढल्या, तिथेही वजनाची रेषा दोन किलोच ठेवली.

रेषा रुंद ओढली की बाळांची संख्या वाढते आणि पाहणारे डोळे अपुरे पडतात. ज्यांना अकाली बाळाचं दृष्टिपटल आत्मविश्वासानं पाहता येतं असे नेत्रतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी क्वचितच असतात. तपासणी सोपीही नाही. बाहुली रुंदावणारे थेंब सौम्य करून घालायचे, डोळा बधिर करायचा, पापण्या चिमुकल्या चिमट्यानं उघड्या ठेवायच्या, डॉक्टरनं स्वतःच्या डोक्यावर दिवा लावून भिंगातून आत पाहायचं आणि बारीक दांडीनं डोळा हलकेच फिरवत कड तपासायची. बाळ रडतं, कधी त्याचा श्वास अडखळतो, म्हणून नर्स शेजारी लागते. तोंडात साखरेच्या पाण्याचा किंवा आईच्या दुधाचा थेंब दिला की वेदना कमी होतात.

बंगळुरूच्या नारायण नेत्रालयानं २००८ मध्ये कर्नाटकात सुरू केलेल्या ‘किड्रॉप’ उपक्रमानं यावर वेगळी वाट काढली. डॉ. आनंद विनेकर यांच्या या उपक्रमात डॉक्टरऐवजी प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन ठरलेल्या वारी जिल्ह्याजिल्ह्यातल्या नवजात विभागांत जातो, दृष्टिपटलाची रुंद छायाचित्रं घेतो, तिथल्या तिथे प्राथमिक वर्गवारी करतो आणि चित्रं दूर बसलेला तज्ज्ञ पाहतो. परदेशी कॅमेरा फार महाग असल्यानं पुढे बंगळुरूतच स्वस्त कॅमेराही बनला. छायाचित्रांवरून आजार ओळखणारी संगणक प्रणाली भारत, नेपाळ आणि मंगोलियातल्या बाळांवर तपासून झाली आहे. ही प्रगती मोलाची आहे. पण मला त्याहून मोलाची वाटते ती ‘ठरलेल्या वारी’ ही गोष्ट. दर बुधवारी डोळ्यांची गाडी येणार हे विभागातल्या सगळ्यांना माहीत असलं की बाळाला तारीख देणं सोपं होतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेनं ‘तीस दिन रोशनी के’ ही घोषणा दिली, तीही त्याचसाठी. आईवडिलांना निकष लक्षात राहत नाहीत, तीस हा आकडा राहतो.

तेच बाळ आज जन्मलं तर

समजा, चेन्नईच्या मुलीसारखंच एक बाळ आज एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष विभागात आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या आजारांच्या यादीत आरओपी आहे, त्यामुळे तपासणी आणि उपचार दोन्ही सरकारी व्यवस्थेच्या कक्षेत येतात. दाखल होतानाच केसपेपरवर पहिल्या तपासणीची तारीख पडते. बाळ विसाव्या दिवशी घरी गेलं तर ती तारीख, ठिकाण आणि फोन नंबर डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहिला जातो आणि आई माहेरी जाणार असेल तर माहेरचा पत्ताही घेतला जातो. हे शेवटचं लिहिणं किरकोळ वाटतं, पण पहिल्या बाळंतपणानंतर आई नेमकी कुठे असेल हे न विचारल्यामुळे कितीतरी बाळं पुढच्या तपासणीतून गळतात.

समजा, गर्भवयाच्या पस्तिसाव्या आठवड्यात बाळाच्या दृष्टिपटलाच्या दुसऱ्या पट्ट्यात (मध्यभाग आणि कड यांच्या दरम्यान) तिसऱ्या पायरीचा आजार दिसला आणि मागच्या भागातल्या वाहिन्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या झालेल्या दिसल्या. २००३ च्या निकषांप्रमाणे हा उपचाराचा क्षण. अट्ठेचाळीस ते बहात्तर तासांत लेझर व्हायला हवा. ‘पुढच्या सोमवारी या’ हे उत्तर इथे चालत नाही. लेझर देताना बाळ भुलीखाली किंवा बधिरीकरणावर असतं, शेजारी बालरोगतज्ज्ञ थांबतो, वाहिन्या नसलेल्या भागावर शेकडो बारीक ठिपके पाडले जातात. तो भाग कायमचा निकामी होतो, पण मध्यवर्ती दृष्टी वाचते.

आजार अगदी मागच्या भागात आणि झपाट्यानं वाढणारा असेल, तर व्हीईजीएफ रोखणारं इंजेक्शन डोळ्यात देतात. २०११ च्या चाचणीनं यातल्या बेव्हासिझुमॅब या औषधाचा उपयोग दाखवला, २०१९ मध्ये रॅनिबिझुमॅबला युरोप आणि जपानमध्ये, तर अफ्लिबरसेप्टला २०२२ मध्ये जपानमध्ये मान्यता मिळाली. इंजेक्शन पाच मिनिटांचं काम आहे, महागडं यंत्र लागत नाही, म्हणून आशियातल्या रुग्णालयांत ते वेगानं पसरलं. इथे मात्र मला काळजी वाटते. लेझरनंतर आजार बहुधा काही आठवड्यांत निवतो. इंजेक्शननंतर तो दबतो आणि औषधाचा जोर ओसरल्यावर काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढू शकतो. बाळाला गर्भवयाच्या पासष्टाव्या आठवड्यापर्यंत आणि काहींना त्याहूनही पुढे पाहत राहावं लागतं. तेव्हा ते पालथं पडत असतं, हसत असतं आणि आईवडिलांना त्याचं डोळ्यांचं दुखणं संपलं असं मनापासून वाटत असतं. जे कुटुंब पुन्हा येईल याची खात्री नाही त्याच्या बाळाला निव्वळ सोय म्हणून इंजेक्शन देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

व्यवस्था अजून फाटकी आहे याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. पुण्यातल्या एका नेत्र रुग्णालयात आरओपीमुळे अंध होऊन आलेल्या मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उशीर होण्याचं प्रमुख कारण तेच निघालं: नवजात विभागातून डोळ्यांच्या तपासणीसाठी पाठवलंच नव्हतं. दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात २००५ मध्ये बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये शहात्तर लाखांची भरपाई दिली. त्यातही प्रश्न तपासणीचाच होता. सरकारी असो वा खासगी, गळती एकाच जागी होते.

पाचव्या पायरीवर पोचलेल्या डोळ्यावर शस्त्रक्रिया होते. दृष्टिपटल काही वेळा जागेवर बसतंही, पण कामापुरती दृष्टी क्वचितच मिळते. अशा बाळाच्या आईवडिलांना शहराशहरांत फिरवण्याऐवजी पहिल्याच भेटीत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता द्यायला हवा, कारण स्पर्श, आवाज आणि हालचाल यांच्या आधारानं जग ओळखण्याचं त्याचं शिक्षण पहिल्या वर्षातच सुरू व्हावं लागतं. आणि ज्यांचा आजार वेळेत आटोक्यात आला त्या मुलांनाही पुढे मोठ्या नंबरचा चष्मा, तिरळेपणा आणि उशिरा दृष्टिपटल सुटण्याचा धोका राहतो. त्यांची वर्षातून एकदा तरी तपासणी शाळेच्या वयापर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवायची असते, आणि त्या तारखाही कार्डावर लिहूनच द्याव्या लागतात.